कुल्याश आपाची चोरी

तैसियाने खड्ड्यात हात घातला आणि मनगटापर्यंत आत नेला. माती ओली, थंड आणि भुसभुशीत होती. बोटांना मुळीचा तुकडा लागला, तो तिने वर ओढून पाहिला. टोक तिरपं, एका घावात कापलेलं. आतला गाभा अजून पांढरा. उंदराने कुरतडलेलं असतं तर दातांच्या खुणा दिसल्या असत्या. हे धारदार फावड्याचं काम होतं, आणि कुणीतरी ते घाई न करता केलं होतं.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. कुंपणालगत अरोनियाची, काळ्या तुरट फळांची, जुनी झुडपं जागच्या जागी उभी होती. पुरुषभर उंच, करड्या फांद्यांची, नुकतेच डोळे फुगू लागलेली. त्यांना कोण नेणार? त्यांच्या मुळ्या हलवायला ट्रॅक्टरच हवा. पण त्यांच्या पुढ्यात आईने वेगळं आळं करून एक कोवळं झुडूप वाढवलं होतं, ते नव्हतं. जुन्या झुडपांच्या बुडाशी दर वसंतात फुटवे यायचे, तेही नव्हते. एकूण एक खणून नेले होते आणि वर माती सारखी केली होती. फक्त या एका खड्ड्यात ती पुरी पडली नव्हती.

तिच्या मागे, पायवाटेवर, अस्तानाहून आणलेली प्लॅस्टिकची मोठी कुंडी आणि मातीची पिशवी होती. रात्रभर आगगाडीत तिने ती कुंडी पायांशी सांभाळली होती.

रविवारी दानियार ट्रॅक्टर घेऊन येणार होता. आईचा दाचा, गावाबाहेरचं बागेतलं घर, त्याने विकत घेतला होता: लाकडी खोली, विहीर आणि भोवतीची बाग. त्याला सपाट जमीन हवी होती, तिच्यावर हिरवळ आणि मधोमध गरम पाण्याचं लाकडी टाकं. झाडं हवी ती न्या, असं तो फोनवर मोठ्या मनाने म्हणाला होता. तैसियाला एकच हवं होतं. भांडी, गाद्या, आईचे कोट, सगळं तिने वसाहतीच्या फाटकावरच्या राखणदाराला वाटून टाकायला सांगितलं होतं. फेब्रुवारीत आईचं दफन झालं तेव्हा जमीन इतकी गोठलेली होती की खड्डा करायला आधी शेकोटी पेटवावी लागली. त्या दिवसापासून तिच्या मनात एवढंच होतं, की बर्फ वितळला की यायचं, ते झुडूप उचलायचं आणि बाल्कनीत लावायचं. आईच्या हातचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं.

"काय गं ताया, काही हरवलं का?"

कुंपणाच्या पलीकडे शेजारची कुल्याश आपा उभी होती. उभा जन्म ट्राममध्ये तिकिटं फाडण्यात गेलेला, त्यामुळे तिचं साधं बोलणंही मागच्या दरवाजापर्यंत पोहोचेल असं यायचं. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, हातात रिकामी बादली. तैसियाची नजर खाली गेली. आपाच्या पायांत हिरवे रबरी बूट होते, डाव्या बुटाच्या चवड्यावर सायकलच्या ट्यूबचं लाल ठिगळ. ते ठिगळ आईने लावताना तैसियाने पाहिलं होतं.

"बूट आईचे आहेत," तैसिया म्हणाली.

"मग? माझे गळतात. तिला आता कुठे चिखलात जायचंय?"

आपाने हे म्हटलं आणि बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुन्हा पहिल्या हातात घेतली. मग म्हणाली, चहा ठेवलाय, ये.

चहाला नको म्हणायची त्या घरात सोय नव्हती. निदान भाकरीचा तुकडा मोडून तोंडात टाकल्याशिवाय उंबरठ्यावरून परत जाणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तैसियाने हात धुतले. नखांतली माती गेली नाही.

टेबलावर बाउरसाक, कणकेचे तळलेले फुगीर गोळे, होते, लोणी होतं, आणि काचेच्या वाटीत काळपट जांभळा मुरांबा. अरोनियाचा. तैसियाने वाटी जवळ ओढली नाही. आपा वाडग्यात चहा ओतत होती, अर्ध्याहून कमी, पाहुण्याने बसावं, पुन्हा पुन्हा मागावं, म्हणून ओततात तसा. ओतता ओतता तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. ताया अजून त्याच घरात राहते का? कितव्या मजल्यावर? बाल्कनी कुठल्या तोंडाची? काचा आहेत की उघडी? अस्तानाचा वारा म्हणजे चामडी सोलणारा, तो थेट आत येतो का? आणि कामावरून घरी यायला किती उशीर होतो, की घरात पाणी घालायलासुद्धा कुणी नाही?

तैसिया मोजकी उत्तरं देत राहिली. अकरावा मजला. दक्षिण. काचा आहेत, पण एक तावदान बसत नाही. तिला वाटलं, म्हातारी अंतर मोजतेय. मी किती लांब आहे, किती अडकलेली आहे, परत यायची किती शक्यता आहे.

"आजच जाणार?" आपाने विचारलं.

"संध्याकाळच्या बसने. ती शेवटचीच ना?"

"शेवटचीच. उजेड जायच्या आत येते." आपाने मान हलवली, जणू एखादी गोष्ट जमून आली. "त्या वेळी माझी मालिका असते. निरोप घ्यायला येऊ नकोस. मला उठवत नाही मधून."

खिडकीतून आपाचं परसू दिसत होतं. न्हाणीघराच्या भिंतीला लागून काहीतरी ओळीने ठेवलेलं होतं आणि त्यावर गोणपाटं आणि एक जुना पडदा टाकलेला होता. गोणपाटांना खालून टोकं आलेली होती, काड्यांवर पांघरूण घातल्यावर येतात तशी. तैसिया मान वळवून पाहू लागली तशी आपा उठली आणि तिने खिडकीचा पडदा सरकवला.

"ऊन डोळ्यांवर येतं," ती म्हणाली.

ऊन घराच्या दुसऱ्या बाजूला होतं.

तैसियाने वाडगा खाली ठेवला. विचारायचं ते तिने अगदी सावकाश विचारलं, आवाज न चढवता, कचेरीत एखाद्याची चूक दाखवताना विचारायची तसं.

"आपा, आईचं लहान झुडूप कुणी नेलं?"

"कुठलं लहान?"

"अरोनियाचं. आणि सगळे फुटवे."

आपाने बाउरसाकचा तुकडा लोण्यात बुडवला, खाल्ला, बोटं पुसली.

"ससे," ती म्हणाली.

"सशांनी मुळासकट नेलं?"

"यंदा बर्फ फार होता. भुकेले होते."

"फावडं घेऊन आले होते ते. मुळी कापलीय."

"हल्लीच्या सशांचं काही सांगता येत नाही गं," आपा म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. ट्राममध्ये बिनतिकिटाच्या माणसाकडे ती अशीच पाहत असणार.

तैसियाला राग आला, आणि रागाखाली दुसरं काहीतरी होतं, ते तिला आत्ता वर येऊ द्यायचं नव्हतं. तिने दुसरंच विचारलं. शेवटच्या आठवड्यांत आई आपाकडेच बसत असायची, हे तिला कळलं होतं. काही म्हणाली का ती?

"म्हणाली ना. माझ्या बादल्या परत दे म्हणाली." आपाने किटली उचलली आणि या वेळी वाडगा काठोकाठ भरला, इतका की उचलला तर सांडावा.

काठोकाठ भरलेल्या वाडग्याचा अर्थ तैसियाला माहीत होता. तो समजायला कझाक घरात जन्मायला लागत नाही, शेजारात वाढलं तरी पुरतं. चहा संपला, पाहुण्याने उठावं. तिने तो वाडगा वाकून, ओठ लावून, शेवटच्या घोटापर्यंत प्याला आणि उठली.

वसाहतीच्या फाटकापाशी राखणदाराची खोपी होती. मित्रिच बाहेर बाकावर बसून सायकलची साखळी रॉकेलमध्ये धूत होता. त्याला नुसतं वडिलांच्या नावानेच हाक मारायची सगळ्यांना सवय होती. त्याचं स्वतःचं नाव कुणाला आठवत असेल असं वाटत नव्हतं. त्याने आधी आईबद्दल दोन शब्द बोलून घेतले, टोपी काढून, आणि मग टोपी घालून इकडचं तिकडचं. तैसियाने त्याला मध्येच थांबवून विचारलं, आमच्या बागेत कुणी शिरलं होतं का?

"शिरलं होतं ना. कुल्याश."

त्याने ते अगदी सहज सांगितलं आणि साखळीची पुढची कडी घासायला घेतली.

"मागच्या आठवड्यात. बर्फ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी. फावडं, बादल्या, सगळं घेऊन. दिवसाढवळ्या."

"आणि तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी? त्या दोघींच्या मध्ये?" मित्रिचने साखळी वर धरून थेंब गळू दिले. मग तो सांगत गेला, आणि त्याला सांगायला आवडत होतं. या दोघी उभ्या आयुष्यात एकमेकींना लुटत आल्या. तैसियाची आई क्लावदिया येगोरोव्ना कुल्याशच्या स्ट्रॉबेरीचे धावते कोंब उपटून न्यायची, कुल्याश हिची पेओनीची फुलझाडं न्यायची. इथल्या बायकांचा हा कायदाच होता म्हणे. रोप मागून आणलं, किंवा आणून आभार मानले, की ते रुसतं, मान टाकतं. मालकिणीची पाठ वळल्यावर नेलं की जोमाने धरतं. एकदा तर क्लावदिया येगोरोव्ना त्याच्याशी बोलत अंगणात उभी होती, पाठीमागे कुल्याश हिचंच गूजबेरीचं झुडूप खणत होती, आणि ही त्याला दबक्या आवाजात म्हणत होती, मित्रिच, बोलत राहा, मला वळायला लावू नकोस.

"ती काळी फळंसुद्धा कुठून आली वाटतं तुला?" तो म्हणाला. "कारखान्याच्या दवाखान्यापुढचा ताटवा होता. दोघींनी मिळून साफ केला. तेव्हा तू पाळण्यात होतीस."

"म्हणजे चोरी तुम्ही डोळ्यांनी पाहिली."

"मी नदी पाहिली. उल्बाला त्या दिवशी पाणी चढलं होतं."

तैसियाने त्याच्याकडे नीट पाहिलं. खोपीच्या खिडकीत गडद जांभळ्या दारूची बाटली होती, अरोनियाची. चेरीची पानं घालून ती अशी आपाच करते हे तिला ठाऊक होतं. एकीने केली, दुसऱ्याने प्याली, आणि तिसरीच्या बागेत खड्डा पडला. तिने त्याला म्हटलं, तुम्ही माझ्याबरोबर चला आणि आपाला ते झुडूप परत द्यायला सांगा. मी मागणार नाही, भांडण होईल. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल.

मित्रिचने साखळी पुन्हा डबीत बुडवली.

"परत द्यायला सांगू?" तो म्हणाला. "नाही बुवा. ते पाप माझ्या डोक्यावर नको."

दुपारभर ती आईच्या खोलीत बसून राहिली. जे वाटायचं ते सगळं वाटून गेलं होतं. भिंतीवर घड्याळाची जागा फिकट चौकोनासारखी राहिली होती. जुन्या झुडपांपैकी एखाद्याला फांदी वाकवून मुळ्या फुटवता आल्या असत्या, पण त्याला अख्खा उन्हाळा लागतो, आणि तिच्याकडे फक्त हा शनिवार होता. काड्या कापून न्याव्या तर दहातली एक जगते. तरीही तिने थोड्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि पिशवीत ठेवल्या. हाताने काम करत असताना तिला कळत होतं की या मरणार.

तिच्या हातून सगळंच मरायचं. आई दरवर्षी काहीतरी पाठवायची, आगगाडीच्या डब्यावर कामाला असणाऱ्या बाईच्या हाती, चार पैसे आणि मुरांब्याची बरणी देऊन. लिंबाचं रोप, जिरॅनियम, मेयोनेजच्या बादलीत लावलेला अरोनियाचा फुटवा. तैसिया पहाटे स्टेशनवर जाऊन ते उतरवून घ्यायची आणि घरी पोहोचल्यावर लगेच फोन करायची. मिळालं, आई. किती छान आहे. खूप आभारी आहे. दुसऱ्या टोकाला आई रागाने म्हणायची, तुला किती वेळा सांगितलं, म्हणू नकोस. तैसिया हसायची. एवढी शिकलेली बाई, तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलेलं, आणि रोपाचे आभार मानू देत नाही. माणसाने साधी रीत पाळायची नाही का? महिन्याभरात पानं काळी पडायची. आई कारण विचारायची नाही.

तेव्हा तिला ते फक्त विचित्र वाटायचं. आता तिला वाटलं, त्या वेड्या रिवाजाचा फायदा घेऊन एका बाईने मेलेल्या मैत्रिणीची बाग साफ केली. जिवंत होती तोवर देवाणघेवाण तरी होती. आता एकच बाजू उरली होती, आणि ती नुसती घेत होती. बूट, फुटवे, झुडूप. आणखी काय काय नेलं असेल? आईकडून काय काय काढून घेतलं असेल, शेवटच्या त्या आठवड्यांत, जेव्हा तैसिया येते येते म्हणत आली नव्हती?

ऊन उतरलं तेव्हा तिने पिशवी खांद्याला लावली, खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली मित्रिचच्या खिडकीत ठेवायची म्हणून निघाली. कुंडी तिथेच राहू दिली. रस्त्याला लागल्यावर ती थांबली. आपाच्या घरातून मालिकेचा आवाज येत होता, कुणीतरी बाई रडत होती आणि कुणीतरी पुरुष तिला समजावत होता. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

आपलंच परत घेण्याला चोरी कोण म्हणेल, असं तिने मनाशी म्हटलं आणि ती परत फिरली.

आपाच्या मागच्या फाटकाची कडी लागलेली नव्हती. अक्तोस, पांढऱ्या छातीचा म्हातारा कुत्रा, घराच्या कोपऱ्याला आखूड बांधलेला होता आणि त्याच्यापुढे एवढं मोठं हाड होतं की त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. तैसिया न्हाणीघराच्या भिंतीकडे गेली. तिचे पाय चिखलात आवाज करत होते. तिने पहिलं गोणपाट उचललं. बुडाला भोकं पाडलेल्या बादल्या, कपडे उकळायचं जुनं पातेलं, त्यांत एकेक फुटवा. सगळे फुटवे. आईचे. तिने ओठ घट्ट मिटले.

शेवटी फाटकाच्या बाजूला पडदा होता. तो तिने ओढला.

खाली वॉशिंग मशिनचा जुना ड्रम होता, भोकाभोकांचा, आत गोणपाटाचं अस्तर लावून मातीने भरलेला. त्यात ते झुडूप होतं. खोलवर, बुंध्याचा खालचा भाग मातीत जाईल असं लावलेलं आणि वरून आखूड छाटलेलं, प्रत्येक काडीवर चार-पाच डोळे ठेवून. छाटणीच्या जागी काही लावलेलं नव्हतं, कापच इतका नीट होता की लावायची गरज नव्हती. हे ती समजू शकत होती. चोराला लावता येत नसेल असं काही नाही.

पण ड्रमभोवती नमदा होता. जुन्या गालिच्याचा, दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा, लाल आणि काळ्या शिंगांच्या नक्षीचा, मधोमध कापून ड्रमला बसता केलेला आणि वरपासून खालपर्यंत दोऱ्याने शिवलेला. जवळजवळ घातलेले बारीक टाके. थंडीत मुळ्या गोठू नयेत म्हणून असं शिवतात, आणि तेही जिथे झुडूप जमिनीत जाणार नसेल तिथे. जिथे ते हवेत, अकराव्या मजल्यावर, न बसणाऱ्या तावदानाजवळ उभं राहणार असेल तिथे. आपाच्या परसात जमीन पडून होती. ड्रम दोन चाकांच्या गाडीवर चढवलेला होता. दोरीने बांधलेला, गाठ सैल होऊ नये म्हणून ओली करून आवळलेली. गाडीचा दांडा फाटकाकडे होता.

तैसियाचा हात नमद्यावर राहिला.

अक्तोसने हाड सोडलं आणि तो भुंकला. घरातला मालिकेचा आवाज बंद झाला. मागचं दार उघडलं आणि कुल्याश आपा हातात घमेलं घेऊन पायरीवर आली. तिने तैसियाकडे सरळ पाहिलं. अजून पुरता उजेड होता. दोघींच्या मध्ये फक्त कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि तिच्यावर काही नव्हतं. तैसियाने हात काढला नाही. आपाने तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, नमद्याकडे पाहिलं, आणि मग पूर्ण वळून, पाठ करून, पायरीवर बसली.

"गप रे," ती कुत्र्याला म्हणाली. "कुणी नाहीये. वारा आहे."

अक्तोस पुन्हा भुंकला.

"कुणी नाहीये म्हटलं ना. म्हातारा झालास तू, विसरतोस. ऑक्टोबरात इथेच बसून क्लावाने तुला सांगितलं नव्हतं का? मी काही वसंत बघत नाही म्हणाली. ताया येईल. तिच्या हातात काही देऊ नकोस, दिलं की तिच्याकडे मरतं, लगेच आभार मानते ती. मला जमलं नाही म्हणाली, आईला लेकीपासून दडवून ठेवता येत नाही. कुल्याश, तू परकी आहेस, तुझ्याकडून चोरून नेऊ दे तिला. कुत्र्याला तेवढं सांग म्हणाली. मग सांगितलं होतं ना तुला? मग कशाला तोंड उघडतोस?"

ऑक्टोबर. ऑक्टोबरात आई फोनवर म्हणाली होती की मुरांबा झाला, झुडपं लाल झालीत, रक्तदाब जरा वर आहे, बाकी काही नाही, तू कामं सोडून येऊ नकोस. आणि तैसिया गेली नव्हती.

म्हणजे आईला माहीत होतं. आणि तिने ते इथे सांगितलं, या पायरीवर.

तैसियाने तोंड उघडलं. विचारायचं खूप होतं. तिला दुखत होतं का? ती मला बोलवा म्हणाली होती का, की बोलवू नका म्हणाली होती? आणखी काय म्हणाली, आपा, ऑक्टोबरात, नोव्हेंबरात, अगदी शेवटी? पायरीवरच्या पाठीला एक हाक पुरली असती. आपा वळली असती, आणि सगळं सांगितलं असतं, घमेलं बाजूला ठेवून, तासभर, बस चुकेपर्यंत. आणि मग ते झुडूप दिलेलं झालं असतं.

आपाची पाठ हलत नव्हती. तिच्या मानेवर रुमालाखालून पांढरे केस सुटले होते. ती वाट पाहत होती, आणि तिचे खांदे ताठ झाले होते, जणू मागून हाक येईल याचीच तिला धास्ती होती.

तैसियाने तोंड मिटलं. पिशवीतल्या काड्या काढून कंपोस्टच्या ढिगावर ठेवल्या. दोन्ही हातांनी दांडा धरला आणि गाडी ओढली. चाकांना तेल घातलेलं होतं, ती आवाज न करता चिखलातून निघाली. फाटक तिने कोपराने ढकललं. आपा कुत्र्याशी अजून बोलत होती, आता कझाकमध्ये, हळू आवाजात, आणि तैसियाला त्यातले शब्द कळत होते, पण ते ऐकायला ती थांबली नाही.

रस्त्यावर आल्यावर तिने पाहिलं, बस वळणावरच्या पॉपलरच्या झाडांपाशी दिसत होती. घाई करायचं काही कारण नव्हतं, बस थांब्यावर थांबतेच. तिने दांडा या हातातून त्या हातात घेतला. नाक पुसलं. आपाच्या कुंपणाचा शेवटचा खांब मागे पडला.

तेवढ्यात मागून आवाज आला, ट्रामच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असा, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"चोर! अगं धरा! माझं झाड नेलं! चोर!"

गल्लीतले कुत्रे एकदम उठले. कुणाच्या तरी दाराचा आवाज झाला. आपाच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. उलट त्यात सणाला दारातून लेकरांना हाक मारतात तसं काहीतरी होतं, आणि ती थांबत नव्हती.

तैसिया पळू लागली.